राजकन्या गौरम्मा यांच्या व्यक्तिचित्राच्या प्रतीविषयी

आपण आमच्याकडून घेतलेली ही प्रत कोडगूच्या (आजच्या कर्नाटकातील कूर्गच्या) राजकन्या गौरम्मा यांच्या तैलचित्राची आहे. मूळ चित्र राणी व्हिक्टोरियाच्या सांगण्यावरून फ्रान्झ झेव्हर विंटरहाल्टर या जर्मन चित्रकाराने १८५२ मध्ये रंगवले असून ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

चित्र भिंतीवर लावण्यापूर्वी ते एकदा जवळून, निवांतपणे पाहावे. समोर जेमतेम अकरा वर्षांची मुलगी आहे. तिचे वडील चिक्क वीरराजेंद्र यांना ईस्ट इंडिया कंपनीने १८३४ मध्ये पदच्युत करून पुढे काशीला ठेवले होते. म्हणजे १८४१ मध्ये जन्मलेल्या गौरम्मांनी वडिलांचे राज्य कधी पाहिलेच नाही. १८५२ मध्ये त्या वडिलांबरोबर इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मदीक्षा) झाला, स्वतः राणी त्यांची धर्ममाता झाली आणि राणीचेच नाव त्यांना मिळाले. अंगावर भारतीय पेहराव व दागिने, पण हातात बायबल, असे त्यांचे रूप चित्रात दिसते ते या पार्श्वभूमीमुळे. ही मांडणी मुलीच्या आवडीची नसून चित्र काढवून घेणाऱ्यांच्या इच्छेची आहे, असे आमचे मत आहे.

चेहरा तेवढा मोठा करून द्यावा, अशी विनंती काही ग्राहक करतात. ती आम्ही मान्य करत नाही, कारण हात आणि पुस्तक कापले की केवळ एका सुंदर मुलीचे चित्र उरते आणि तिच्यावर काय गुदरले याची खूण पुसली जाते. रंग अधिक भडक करणेही आम्ही याच कारणाने टाळतो.

पुढे १८६० मध्ये गौरम्मांचा विवाह कर्नल जॉन कॅम्पबेल यांच्याशी झाला. १८६४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लंडनच्या ब्रॉम्प्टन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

प्रत सुती लगद्याच्या कागदावर छापलेली आहे. तिच्यावर थेट ऊन पडू देऊ नये आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ती लावू नये. फ्रेम दुसरीकडे करून घेणार असाल, तर कागद काचेला चिकटणार नाही इतक्या जाडीचा आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) मागून घ्यावा. काच पुसताना पाणी फ्रेमवर न शिंपडता फडक्यावर घ्यावे. पावसाळ्यात कागदावर बुरशीचे ठिपके दिसू लागले, तर ते घरी न पुसता प्रत फ्रेमसह आमच्याकडे आणावी.