गोदावरीच्या शिंपल्यात धातू का साचतात?

पैठणच्या खाली नांदेडपर्यंत गोदावरीच्या गाळात, डोहांच्या कडेला शिंपले अर्धेअधिक रुतून बसलेले असतात. लॅमेलिडेन्स ही त्यांतली नेहमी दिसणारी प्रजाती. तिथल्या पाण्याची बाटली भरून तपासली, तर कॅडमिअम या विषारी धातूपुढे ‘आढळले नाही’ असा शेरा येऊ शकतो. त्याच जागचा शिंपला तपासला, तर मात्र आकडा हाती लागतो. बाटलीत त्या घडीचं पाणी असतं, शिंपल्यातून मात्र महिनोन्‌महिने पाणी गेलेलं असतं.

मोठा शिंपला तासाला लिटरभराच्या आसपास पाणी गाळतो. मागच्या टोकाच्या एका छिद्रातून पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांनी त्यातले शेवाळाचे कण पकडायचे आणि उरलेलं पाणी दुसऱ्या छिद्रातून सोडायचं, हे त्याचं खाणं. धातू त्याच्या अंगात दोन वाटांनी शिरतात. विरघळलेला कॅडमिअम कल्ल्यांतून थेट घुसतो, कारण त्याचा आयन (विद्युतभार असलेला अणू) जवळपास कॅल्शिअमच्या आयनाएवढाच (०.९५ आणि १ अँगस्ट्रॉम) आणि भारही सारखाच, कॅल्शिअमसाठी उघडणाऱ्या वाटा त्यालाही आत घेतात. जड पाण्यात कॅल्शिअमचीच गर्दी असल्यामुळे कॅडमिअमला वाव कमी मिळतो. शिसं आणि क्रोमिअम बरेचसे मातीच्या कणांना चिकटून पोटात जातात. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती धातू धरून ठेवण्यात पटाईत आहे.

आत गेल्यावर धातू तसाच मोकळा राहिला तर पेशींना घातक. म्हणून शिंपला मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन बनवतो. त्यातलं सुमारे एक तृतीयांश अमिनो आम्ल म्हणजे गंधकवालं सिस्टीन, आणि हे गंधक कॅडमिअमला घट्ट पकडतं. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या कल्ल्यांत कॅल्शिअम फॉस्फेटचे बारीक दाणेही असतात, त्यांतही धातू अडकून पडतो. जस्त आणि तांबं शरीराला लागतं, त्यांचा हिशेब बऱ्यापैकी राखला जातो. कॅडमिअम मात्र येतो भराभर आणि जातो अगदी सावकाश. शिंपल्याचा जीव वाचवणारी हीच सोय खाणाऱ्याच्या मुळावर येते.

किती खाल्लं तर धोका? समुद्री शिंपल्यांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची कॅडमिअमची मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम आहे (कालवं आणि स्कॅलप वगळून). जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०१० साली ठरवलेलं सोसण्याजोगं प्रमाण असं: महिन्याला शरीराच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला महिन्याला दीड मिलिग्रॅम. मर्यादेला टेकलेलं मांस महिन्यात पाऊण किलो खाल्लं की हा कोटा संपला. शिवाय धान्य आणि पालेभाज्यांतून थोडा कॅडमिअम रोज जातच असतो. आपल्या मूत्रपिंडात साठलेल्या कॅडमिअमचा निम्मा भाग बाहेर पडायलाच दहा वर्षांहून जास्त लागतात.

‘चांगले उकळून घेतले की झालं’ हा समज सोडायला हवा. उकळल्यानं जंतू मरतात. धातू हे मूलद्रव्य, ते आचेनं मोडत नाही. शिजताना पाणी सुटून मांसाचं वजन घटतं, त्यामुळे दर ग्रॅममागे धातू उलट वाढतो, आणि जो थोडा सुटतो तो रश्श्यात उतरतो. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवल्यानं पोटातला गाळ निघतो, जंतूही बरेच कमी होतात. ऊतींतला धातू उतरायला मात्र आठवडे-महिने लागतात. खेकड्याचंही तसंच: कवचाखालच्या पिवळट-तपकिरी पाचकग्रंथीत कॅडमिअम सगळ्यात जास्त साचतो. ती काढून टाकली तर भार बराच कमी होतो. कुटून गाळलेल्या रश्श्यात मात्र तीही उतरते.

तपासणी करायची असेल, तर नाला मिळतो त्याच्या वरून आणि खालून एकाच लांबीचे पंधरा-वीस शिंपले घ्यावेत. आधी २४ तास स्वच्छ पाण्यात ठेवून पोट रिकामं होऊ द्यावं, नाहीतर बेसॉल्टच्या मातीतलं मूळचंच तांबं मांसाच्या नावावर जमा होतं. लोखंडी किंवा स्टीलची सुरी टाळून प्लास्टिकच्या पात्यानं मांस काढावं, नाहीतर लोह आणि क्रोमिअमचा आकडा बिघडतो. मग वाळवून, पूड करून, नायट्रिक आम्लात विरघळवून मोजणी. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सुक्या वजनाचा आकडा थेट ओल्या वजनाच्या मर्यादेशी ताडून पाहणं. मांसात ८० ते ८५ टक्के पाणी असतं, त्यामुळे सुक्यावर १० आलेला आकडा ओल्यावर दीड ते दोनच भरतो. अंडी सोडल्यावर शिंपला रोडावतो, मांस घटतं आणि धातू तेवढाच असूनही प्रमाण फुगतं. म्हणून दोन वर्षांची तुलना एकाच महिन्यातल्या नमुन्यांची करावी. पाण्यात अचानक विषारी लोट आला की शिंपला कवच मिटून काही तास बसून राहतो. तेवढ्यापुरता सोडलेला लोट त्याच्या मांसात न उतरताच निघून जाऊ शकतो, म्हणून तळाच्या गाळाचा नमुनाही त्याच दिवशी, त्याच जागी घ्यावा.