क्लाउडबेरी

क्लाउडबेरी (शास्त्रीय नाव : रूबस कॅमीमोरस; कुल : रोझेसी) ही उत्तर गोलार्धातील अतिथंड प्रदेशांत, पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) आम्लधर्मी दलदलीत रानोमाळ उगवणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. रासबेरी आणि ब्लॅकबेरी याच प्रजातीतल्या. पण क्लाउडबेरीला काटे नसतात आणि तिची उंची जेमतेम १०–२५ सेंमी. भरते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, अलास्का व कॅनडा येथे ती विपुल आढळते. स्कॉटलंडच्या उंच माळांवरही ती दिसते. नॉर्वेत तिला ‘मुल्टे’, फिनलंडमध्ये ‘लाक्का’ किंवा ‘हिल्ला’, रशियात ‘मरोश्का’, तर कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर ‘बेकॲपल’ म्हणतात.

वनस्पतीचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. शेवाळाखाली तिचे मूलक्षोड (जमिनीतील आडवे खोड) कित्येक मीटर पसरते आणि उणे ४० अंश सेल्सिअसची थंडीही सोसते. बर्फ वितळले की मूलक्षोडावरून एकेक ताठ दांडी वर येते. तिच्यावर दोन-तीन सुरकुतलेली, हाताच्या पंजासारखी पाने आणि टोकाला एकच पांढरे फूल असते.

जून हा कसोटीचा महिना. नर आणि मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि परागण माश्या, मधमाश्या व भुंगे करतात. फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत रात्री दहिवर गोठले तर फुले करपतात. पाऊस व गारठा लांबला तर कीटक बाहेर पडत नाहीत. शिवाय एकाच मूलक्षोडापासून पसरलेला ताटवा सगळाच्या सगळा एका लिंगाचा असतो. त्यामुळे दलदल फुलांनी पांढरी झालेली दिसावी आणि पुढे तिथे एकही फळ धरू नये, असेही घडते. एका वर्षी टोपल्या भरतात, तर पुढच्या वर्षी हाती काहीच लागत नाही, ते याचमुळे.

फळ म्हणजे लहान लहान आठळीयुक्त (आत कठीण बी असलेल्या) फळांचा घोस. त्याचे पिकणे नवख्याला हमखास फसवते : लाल आणि टणक फळ कच्चे असते, पिकताना लाली ओसरून ते मऊ, मधासारखे सोनेरी होते. तोवर त्याला कवटाळून बसलेली हिरवी निदले (फुलाची बाहेरची हिरवी दले) मागे वळतात आणि फळ अलगद सुटते. हा काळ जुलै-ऑगस्टमधला, थोड्याच दिवसांचा. चव आंबटगोड. फळात क जीवनसत्त्व भरपूर असल्याने स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर) त्याचा पूर्वापार उपयोग होत आला. नैसर्गिक बेंझॉइक अम्ल या परिरक्षकामुळे ते टिकतेही चांगले. नॉर्वेत साठवलेली फळे फेटलेल्या सायीत मिसळून नाताळात खातात. १८३७ मध्ये द्वंद्वयुद्धात जखमी झालेल्या रशियन कवी पुश्किनने मृत्युशय्येवर मरोश्काच मागितली होती.

नॉर्वेत रानमेवा कोणीही वेचू शकतो, पण देशाच्या उत्तर भागात क्लाउडबेरीच्या जमिनीवर मालक मनाई करू शकतो. मात्र जागेवरच खाण्यापुरती फळे तोडण्याला ती मनाई लागू होत नाही. या नियमाइतका या फळाच्या मोलाचा बोलका पुरावा दुसरा नसेल. लागवडीसाठी नॉर्वेत व फिनलंडमध्ये काही वाण निवडले गेले. त्यांपैकी फिनलंडच्या ‘न्युबी’ या वाणाचे फूल द्विलिंगी (नर व मादी भाग एकाच फुलात असलेले) आहे. तरीही बाजारातला बहुतेक माल रानातूनच येतो, म्हणून दलदलींचा निचरा करून तिथे वनलागवड करणे या वनस्पतीच्या मुळावर येते.

फळे संपली की पाने तांबूस-पिवळी पडून गळतात. पुढच्या जूनमध्ये उमलायच्या फुलांच्या कळ्या तोवर मूलक्षोडावर तयार झालेल्या असतात.