वादळातली फेल शर्यत : ‘हिशेब न लागलेल्या’ धावपटूंचा प्रश्न कुठून आला

उत्तर इंग्लंडमध्ये ‘फेल’ म्हणजे डोंगर, आणि त्यातही गावाच्या शेवटच्या दगडी भिंतीपलीकडे सुरू होणारे, मेंढ्या चरण्यासाठी मोकळे सोडलेले उंचावरचे रान. हजारेक वर्षांपूर्वी तिथे येऊन वसलेल्या नॉर्स लोकांनी हा शब्द मागे ठेवला आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये तो आजही रोजच्या बोलण्यात आहे. फेल शर्यत ही घाटरस्त्यावरची मॅरेथॉन नव्हे, आणि खुणा लावून आखलेल्या वाटेवरची ट्रेल रनही नव्हे. तिच्यात ठरावीक शिखरे किंवा तपासणी ठिकाणे गाठायची असतात, आणि त्यांच्यामधली वाट बऱ्याचदा धावपटूने स्वतःच शोधायची असते. सर्वांत कठीण, म्हणजे ‘ए’ वर्गाच्या शर्यतीत दर किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ असावा लागतो आणि डांबरी रस्ता एकूण अंतराच्या एक पंचमांशाहून अधिक चालत नाही. २० किलोमीटरपेक्षा मोठी शर्यत ‘लांब’ गटात मोडते. वाईट हवामानात शर्यत सुरू करावी की थांबवावी, आणि डोंगरात गेलेल्या धावपटूंचा हिशेब कसा ठेवावा, हा सगळा वाद प्रामुख्याने या कठीण आणि लांब शर्यतींचा आहे.

हा वाद सुरुवातीपासून नव्हता, आणि त्याचे कारण साधे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या शर्यती गावच्या जत्रेचा आणि मेंढपाळांच्या मेळाव्याचा भाग होत्या. ग्रासमिअर येथे १८६८ पासून चालत आलेली वाटाड्यांची शर्यत मैदानातून निघते, समोरच्या कड्यावर चढते आणि थेट मैदानात उतरते. बक्षिसाची रक्कम, कुस्त्या, शिकारी कुत्र्यांच्या शर्यती या सगळ्यांबरोबर ती पाहायला लोक जमत, आणि पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत धावपटू त्यांच्या नजरेसमोर असे. पाऊस आला तर तो सर्वांनाच दिसे, आणि कोणी घसरून पडला तर तेही सर्वांना दिसे. तिथे मोजदादीची गरजच नव्हती.

धावपटू नजरेआड गेला तो विसाव्या शतकात. १९३२ च्या जूनमध्ये केझिक गावातल्या एका गेस्टहाऊसच्या मालकाने २४ तासांच्या आत ४२ शिखरे पायी गाठून परत येण्याचा पराक्रम केला आणि लांब पल्ल्याची ओढ त्या प्रदेशात रुजली. यॉर्कशरमधली तीन शिखरांची शर्यत १९५४ मध्ये अवघ्या सहा जणांनी सुरू केली. १९६८ मध्ये दोन दिवसांची पर्वतीय मॅरेथॉन आली, जिच्यात दोघांच्या जोडीने तंबू, झोपण्याची पिशवी, शेगडी आणि दोन दिवसांचे अन्न पाठीवर घेऊन, नकाशा पाहत, रात्र डोंगरातच काढायची असते. ही शर्यत मुद्दाम ऑक्टोबरच्या अखेरीस ठेवलेली आहे, कारण खराब हवेत स्वतःला सांभाळता येणे हीच तिची कसोटी. १९७० मध्ये या खेळाची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि नियमपुस्तिका तयार होऊ लागली.

या नियमांमागे मृत्यू आहेत, हे विसरता येत नाही. १९७८ मध्ये तीन शिखरांच्या शर्यतीत एका धावपटूचा थंडीने बळी गेला. १९९४ मध्ये केंटमिअरच्या शर्यतीत एक धावपटू स्त्री दगावली. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि फेल धावपटूच्या बाबतीत तो फसवा असतो. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेट खेड्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या मानाने हा आकडा मोठा नाही, पण सह्याद्रीतला पाऊस कोमट असतो आणि तिथला बोचरा. दरीत दहा अंश तापमान असेल तर नऊशे मीटरवर ते चार-पाचावर येते, त्यात वारा अंगावरचे ओले कापड सतत थंड करत राहतो. धावत असेपर्यंत अर्ध्या चड्डीतला माणूसही गरम असतो. पाय मुरगळून त्याला चालावे लागले की अंगातली ऊब झपाट्याने उतरते, आणि पाठीवरच्या पिशवीत वॉटरप्रूफ जाकीट असूनही बधिर बोटांना तिची चेन उघडता येत नाही. म्हणून अनुभवी धावपटू जाकीट थंडी वाजण्याआधी, वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशा जागी थांबून घालतो.

सक्तीच्या सामानाची यादी याच अनुभवातून आली : अंग पूर्ण झाकणारे वॉटरप्रूफ कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिटी आणि संकटकाळासाठी राखून ठेवलेले थोडे खाणे. शर्यतीच्या सकाळी टेबलावर पिशवी रिकामी करून दाखवावी लागते. तपासणारा जाकीट उलटे करून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बोटांनी चाचपतो, कारण पट्टी नसलेल्या शिवणीतून पाणी आत येते आणि ते जाकीट केवळ विंडचीटर ठरते.

इथवर सर्वांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो शर्यत सुरू करण्याच्या किंवा थांबवण्याच्या निर्णयावर. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस या ब्रिटनच्या सर्वांत उंच डोंगरावरची शर्यत १९८० मध्ये हवामानामुळे रद्द झाली, आणि ती घटना अजूनही अपवाद म्हणून सांगितली जाते, यावरूनच या खेळाचा कल कळतो. मात्र सर्वांत मोठा वाद झाला तो २५ ऑक्टोबर २००८ च्या शनिवारी, त्याच दोन दिवसांच्या पर्वतीय मॅरेथॉनच्या वेळी. त्या वर्षी शर्यत लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल दरीत होती आणि सुमारे २,५०० स्पर्धक होते. मुसळधार पाऊस आणि वादळी वाऱ्याचा अंदाज आधीच आलेला होता. शर्यत सकाळी सुरू झाली आणि दुपारच्या सुमारास रद्द करण्यात आली, पण तोवर जोड्या डोंगरभर पसरल्या होत्या. ओढ्यांना पूर आला, दरीतले रस्ते पाण्याखाली गेले, आणि शेकडो स्पर्धकांनी हॉनिस्टर खिंडीतल्या स्लेटच्या खाणीत, शेतघरांमध्ये आणि गावांतल्या इमारतींत आसरा घेतला. त्या रात्री सुमारे १,७०० जणांचा हिशेब लागत नसल्याची बातमी जगभर गेली. रविवारी स्पर्धक डोंगर उतरून आले. काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले, पण मृत्यू एकही झाला नाही.

सगळा गोंधळ त्या एका शब्दाचा होता. ‘अनअकाउंटेड’ म्हणजे ज्यांची नोंद अद्याप हाती आलेली नाही ते. मराठीत आपण सहज ‘बेपत्ता’ म्हणून मोकळे होऊ, आणि तिथल्या वृत्तवाहिन्यांच्या निवेदनातही हाच अर्थ डोकावत होता. परंतु बेपत्ता माणूस जिथे असायला हवा तिथे नसतो. या स्पर्धकांनी तर ती रात्र डोंगरातच, तंबूत काढायची होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तेच केले : उंचावरून खाली उतरून, भिंतीच्या आडोशाला तंबू ठोकून, शेगडीवर चहा करून ते उजाडण्याची वाट पाहत राहिले. त्यांना आपण हरवलो आहोत हे ठाऊक नव्हते, कारण ते हरवलेलेच नव्हते. अशा शर्यतीत स्पर्धकाच्या मनगटाला एक इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि तपासणी ठिकाणच्या डबीत ती खुपसली की बीप वाजून वेळ नोंदली जाते. पण ती नोंद चिपमध्ये आणि डबीत राहते. स्पर्धक शेवटच्या रेषेवर येऊन चिप वाचून घेईपर्यंत आयोजकांच्या हाती काही पडत नाही. मोबाइलला रेंज नव्हती आणि शेवटच्या रेषेपर्यंतचा रस्ता पाण्यात होता. १,७०० हा आकडा संकटातल्या माणसांचा नव्हता, न वाचलेल्या चिपांचा होता, असे माझे ठाम मत आहे.

तरीही आयोजकांवर टीका करणाऱ्यांना वेड्यात काढणे न्याय्य नाही. डोंगराचे शवागार होण्याची वेळ थोडक्यात टळली, असे एका स्थानिक व्यावसायिकाने म्हटले. त्याने रात्रभर थकल्याभागल्या, भिजलेल्या, थरथरणाऱ्या लोकांना छप्पर दिले होते, आणि त्याच्यासमोर आलेले लोक तंबूत निवांत बसलेले नव्हते. बचाव पथकातले स्वयंसेवक पुराच्या पाण्यातून फिरत होते, आणि ते पगारी नसतात. आयोजकांचे म्हणणे असे, की सहभागी अनुभवी आहेत, सामान तपासलेले आहे, आणि जो शर्यतीसाठी आला आहे तो वादळासाठीच आला आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागेवरून खरे दिसत होते. मला आयोजकांचा सुरुवात करण्याचा निर्णय चुकीचा वाटत नाही. चूक होती ती रद्द करण्याची वेळ आली तर माणसे मोजायची कशी, याचे उत्तर आधी तयार न ठेवण्याची.

हे उत्तर २०१२ मध्ये पुन्हा मागितले गेले, आणि यावेळी किंमत मोठी होती. बटरमिअरमधल्या एका शर्यतीत खराब हवेत एका ज्येष्ठ धावपटूचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चौकशीत स्पर्धकांची मोजदाद हा विषय ऐरणीवर आला आणि संघटनेने सुरक्षिततेचे नियम नव्याने लिहिले. त्यांवरही दीर्घ वाद झाला. लहान शर्यती गावातले चार-सहा लोक हौसेने भरवतात. नियमांत ‘करावे’ऐवजी ‘केलेच पाहिजे’ असे लिहिले गेले, तर एखाद्या अपघातानंतर हेच शब्द आपल्यावर उलटतील, अशी भीती त्यांना वाटत होती. ती भीती खोटी नव्हती, पण डोंगरावर एकटा पडलेला माणूस आणि त्याची वाट पाहणारे घर यांच्यापुढे तिला दुय्यम मानावेच लागते.

२०२१ च्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीत गारा, पाऊस आणि वाऱ्याच्या तडाख्यात २१ धावपटू मरण पावले. तो फेल शर्यतीचा प्रकार नव्हता, पण तिथे विंडचीटर सक्तीच्या सामानात नव्हता हे समजल्यावर इंग्लंडमधल्या डोंगरी धावपटूंना आपल्या यादीचे मोल नव्याने कळले असणार.

आज शर्यतीच्या सुरुवातीला जमलेल्यांची मोजणी होते, तपासणी ठिकाणी क्रमांक टिपले जातात, आणि शेवटी आत आलेल्यांची संख्या सुरुवातीच्या संख्येशी जुळवली जाते. शर्यत अर्धवट सोडणाऱ्याने परस्पर गाडीत बसून घरी जायचे नाही. तो कितीही थकला असला, कितीही भिजला असला, तरी शेवटच्या टेबलापर्यंत जाऊन आपला क्रमांक सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो क्रमांक खोडला जाईपर्यंत टेबलामागचा माणूस जागचा हलत नाही.