स्त्रियांमधील अँड्रोजेनवाढ : संप्रेरक-तपासणी व निदान

अँड्रोजेन संप्रेरकांना ‘पुरुषी’ म्हणण्याची रूढी असली, तरी ती प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतातच. अंडाशय आणि अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रेनल) ग्रंथी ती बनवतात. टेस्टोस्टेरॉनचा जवळपास निम्मा भाग मात्र चरबी, त्वचा अशा ऊतींत अँड्रोस्टेनेडायोन या दुसऱ्या अँड्रोजेनपासून तयार होतो. ही संप्रेरके वाढली की हनुवटीवर, ओठावर, पोटाच्या मध्यरेषेवर राठ केस येतात, मुरमे हटत नाहीत, भांग रुंद होतो, पाळी लांबते. याचे सर्वांत मोठे कारण पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), म्हणजे बोलण्यातले पीसीओडी.

निदानाची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, विचारपूस आणि अंगतपासणीत होते. केसांची वाढ फेरिमन–गॅल्वे गुणांकनाने मोजतात : शरीराचे 9 भाग, प्रत्येकी 0 ते 4 गुण. वंशानुसार 4 ते 6 किंवा त्याहून अधिक गुण वाढ दाखवतात. पण आठवड्यापूर्वी थ्रेडिंग केलेली मुलगी समोर बसली, तर चेहऱ्यावर काहीच दिसणार नाही. केस किती दिवसांनी काढावे लागतात, हे तिला मोकळेपणाने सांगता येईल अशा रीतीने विचारायला हवे.

रक्तात प्रथम एकूण टेस्टोस्टेरॉन आणि त्याला बांधून ठेवणारे एसएचबीजी हे वाहक प्रथिन मोजतात. त्यांवरून मुक्त, म्हणजे प्रथिनाला न बांधलेले, टेस्टोस्टेरॉन गणिताने काढतात. इन्शुलिन वाढले की एसएचबीजी घटते, म्हणून एकूण आकडा मर्यादेत असूनही मुक्त भाग जास्त असू शकतो. स्त्रियांतील टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढेच. इतक्या कमी पातळीवर नेहमीच्या, प्रतिपिंडांवर आधारलेल्या इम्युनोअसे पद्धती डळमळतात. रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री अधिक भरवशाची. मुक्त टेस्टोस्टेरॉन थेट मोजणारे स्वस्त किट तर टाळलेलेच बरे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेली तपासणी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण त्या एसएचबीजी वाढवतात आणि अंडाशयाची निर्मिती दाबतात. निदानासाठी तपासणी आवश्यकच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, गर्भनिरोधाची दुसरी सोय करून, गोळ्या किमान 3 महिने थांबवतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असल्यास तेही सांगावे. काही यंत्रांचे आकडे त्याने चुकतात. एलएच–एफएसएच या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकांचे गुणोत्तर अजूनही सर्रास मागवले जाते, पण निदानाला त्याची गरज नाही.

पीसीओएस ठरवण्याआधी इतर कारणे वगळावी लागतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे दुधाशी संबंधित संप्रेरक पाहतात. अधिवृक्क ग्रंथीतील 21-हायड्रॉक्सिलेज या विकराची (एन्झाइमची) सौम्य जन्मजात कमतरता हुबेहूब पीसीओएससारखी दिसते. तिच्यासाठी पाळीच्या पहिल्या टप्प्यात, सकाळी लवकर 17-ओएच प्रोजेस्टेरॉन हे या कमतरतेत साचणारे संप्रेरक तपासतात. ते 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त आले, तर एसीटीएच या अधिवृक्क ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा मोजतात. 1000 च्या पुढची पातळी कमतरतेकडे बोट दाखवते. कुशिंगची (शरीरात कॉर्टिसॉल जास्त झाल्याची) लक्षणे असतील, तर रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचे कॉर्टिसॉल पाहतात.

लक्षणांचा वेग आकड्याइतकाच बोलका असतो. काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, टक्कल पडू लागले, शिश्निका (क्लिटोरिस) वाढली, तर अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ तातडीने शोधावी लागते. टेस्टोस्टेरॉन 150 ते 200 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर किंवा डीएचईए-एस हे अधिवृक्क ग्रंथीचे अँड्रोजेन 700 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असणेही तसाच इशारा.

रॉटरडॅम येथे 2003 मध्ये ठरलेले पीसीओएसचे निकष आजही पाया आहेत : अनियमित बीजोत्सर्ग, अँड्रोजेनवाढ आणि सोनोग्राफीत बहुपुटीय अंडाशय, यांपैकी कोणतेही दोन. पाळी अनियमित आणि केस राठ असतील, तर सोनोग्राफीवाचूनही निदान होते. प्रौढांत सोनोग्राफीऐवजी एएमएच या अंडाशयातील संप्रेरकाची रक्ततपासणी चालते, असे 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. किशोरींत मात्र या दोन्ही तपासण्या निदानासाठी धरत नाहीत, कारण पाळी सुरू झाल्यानंतर 8 वर्षांपर्यंत निरोगी अंडाशयही तसेच दिसू शकते. त्यांच्यात पाळीची अनियमितता आणि अँड्रोजेनवाढ ही दोन्ही लक्षणे लागतात. एकच असेल, तर मुलीला ‘जोखमीची’ मानून उपचार लक्षणांवर करतात आणि काही वर्षांनी पुन्हा तपासतात.