खानदेशातील प्राध्यापकांची बढती : बदलत्या निकषांची पार्श्वभूमी

महाविद्यालयीन अध्यापकाचे यश कशावर ठरते, याचे उत्तर खानदेशात प्रत्येक पिढीला वेगळे मिळाले, कारण बढतीचे नियमच वेगळे होते. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही स्वातंत्र्यापूर्वीची. १९४९ पासून पुणे विद्यापीठाची व्यवस्था आली, तेव्हा पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधायचा तर धुळे किंवा शहाद्याच्या अध्यापकाला बहुधा पुण्याचीच वाट धरावी लागे. वरचे पद रिकामे झाल्याशिवाय बढती नसे. वर्गातली ख्याती आणि संस्थाचालकांची मर्जी यांवरच बरेचसे भागे.

चौथ्या वेतन आयोगाच्या काळात, अध्यापकांच्या वेतनश्रेणींबाबत शिफारशी करणाऱ्या मेहरोत्रा समितीनंतर, हे चित्र पालटले. पद रिक्त नसले तरी आठ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी मिळू लागली; पीएच.डी. असल्यास त्यात तीन वर्षांची सूट होती, मात्र उद्बोधन आणि उजळणी वर्ग (अध्यापकांसाठीची अल्पमुदतीची प्रशिक्षणे) पूर्ण करणे आवश्यक ठरले. संशोधनाला असा थेट पगाराशी जोडलेला हिशेब मिळाला असतानाच १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि मार्गदर्शक जिल्ह्यात आला. माझ्या मते खानदेशातील पीएच.डी.धारकांची वाढ समजून घेताना या दोन गोष्टी एकत्रच पाहायला हव्यात.

तथापि, सर्वांत निर्णायक घटक ठरली ती नेमणुकीची तारीख. १९ सप्टेंबर १९९१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट (राष्ट्रीय) वा सेट (राज्य पातळीवरील) ही अध्यापक-पात्रता परीक्षा अनिवार्य केली, पण महाराष्ट्रात त्यानंतरही कित्येक वर्षे ही पात्रता नसलेल्यांच्या नेमणुका होत राहिल्या. एकाच विभागात, एकच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोघांपैकी पात्रताधारकाची स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या श्रेणीतील नेमणूक, वेळेवर होई आणि पात्रता नसलेल्याची फाइल उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात अडके. २०१३ मध्ये या व इतर मागण्यांसाठी प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी शासनाने नेट-सेट नसलेल्यांच्या सेवा नियमित केल्या, परंतु मागील सेवेचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

दरम्यान विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने ‘एपीआय’, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या गुणांची पद्धत आणली. शोधनिबंध, चर्चासत्रे, समित्या या सर्वांना गुण मिळू लागले आणि पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. हे खानदेशापुरते नव्हते, हे खरे. पण समृद्ध ग्रंथालय आणि प्रयोगशाळा नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयात तो मोह अधिक होता. २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयांसाठी हे गुणांकन काढून टाकले.

या सगळ्या निकषांच्या बाहेर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काम करणारा अध्यापक राहिला. नेट किंवा सेट उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी.ही झालेला, तरी कायम पदावर नेमणूक होईपर्यंत त्याला श्रेणीची शिडीच लागू होत नाही, आणि मंजूर पदे भरण्यास शासनाची परवानगी केव्हा मिळेल हे त्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते.