बुचाचं फूल आणि पतंगाची जीभ

दिवाळीच्या सुमारास दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत सकाळी बुचाच्या फुलांचा सडा पडलेला असतो. दोऱ्यावाचून वेणी गुंफता येते ती हीच फुलं. लांब ‘देठ’ एकमेकांत अडकवायचे, झालं. पण तो देठ नव्हेच, पाकळ्या जुळून झालेली नळी आहे. परवा भाचीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिली, तर साडेसहा सेंटीमीटर भरली! मध पार तळाशी. मधमाशीची जीभ पाच-सात मिलिमीटरची. तिने कितीही डोकं खुपसलं तरी हाती काही लागायचं नाही.

हे पान दुसऱ्याच कुणासाठी वाढलेलं आहे. फूल उमलतं रात्री, रंग पांढरा, वास दरवळणारा. पाहुणा अर्थातच रात्रीचा: हॉक मॉथ जातीचा पतंग. (बडोद्यात पतंग म्हटलं की आधी उत्तरायणच आठवतं. पण याची जीभही फिरकीवरच्या मांज्यासारखी गुंडाळलेलीच असते.) फुलासमोर हवेत तरंगत तो ती सोडतो. काही जातींत ती अंगापेक्षाही लांब भरते.

1862 साली डार्विनकडे मादागास्करचं एक ऑर्किड आलं. त्याची मधाची नळी जवळपास 30 सेंटीमीटरची. एवढ्या जिभेचा पतंग तिथे असलाच पाहिजे, असं त्याने लिहून टाकलं. काही कीटकतज्ज्ञांनी चेष्टा केली. तसा पतंग शास्त्रीय नोंदीत आला 1903 मध्ये. तोवर डार्विनला जाऊन 21 वर्षं झाली होती.

मला गंमत वाटते ती लांबीपेक्षा त्यामागच्या हिशेबाची. नळी जिभेहून आखूड असली, तर पतंग लांबूनच मध पिऊन पसार होईल, अंगाला परागाचा कणही न लागता. नळी जराशी लांब असली, तर शेवटच्या थेंबासाठी त्याला तोंड फुलात दाबावंच लागतं, आणि तिथेच पराग चिकटतात. फुलाला जिभेहून किंचित जास्त हवं, पतंगाला नळीहून. 1988 मध्ये स्वीडनच्या निल्सन यांनी तिथल्या ऑर्किडच्या नळ्या मुद्दाम आखूड करून पाहिल्या, तर फळधारणा घटली.

काही जण मात्र या चढाओढीत उतरतच नाहीत. दारच्या पिवळ्या टेकोमाचं फूल उलटं करून बघा. बुडाशी बारीकशी चीर दिसेल. काळा भुंगा बाहेरूनच नळी चिरतो आणि परागांना न शिवता मध पिऊन जातो. आमच्या कुंपणावरची दहा फुलं तपासली, सातांना चीर होती.