हवा सोडली की सायकल धावते

चंद्रभागेच्या वाळवंटात सायकल घालून पाहा. पुढचं चाक नांगराच्या फाळासारखं वाळूत घुसतं, पायडल रेटून मांड्या भरून येतात आणि शेवटी उतरून ढकलावंच लागतं. सोलापूरहून पंढरपूरला सायकलने जाणाऱ्या आम्हा मंडळींना हे चांगलंच ठाऊक आहे. बर्फावर सायकलची शर्यत लावणाऱ्यांचंही दुखणं तेच. फक्त वाळूऐवजी भुसभुशीत बर्फ.

त्यांची सायकल म्हणजे फॅट बाइक. टायर 4 ते 5 इंच रुंद आणि आत हवा अगदी नावाला. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलमध्ये 80-100 पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड, हे हवेच्या दाबाचं माप) दाब असतो, इथे बर्फ मऊ असला तर 4-5. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. सायकल, स्वार, सामान मिळून 100 किलो धरू. 80 पीएसआयला दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकतात ती जागा काडेपेटीएवढी, 18 चौरस सेंटिमीटर. 5 पीएसआयला तीच 280 च्या घरात जाते, म्हणजे आपल्या एका बेताच्या कडक भाकरीएवढी. वजन तेच, पण ते पसरलं, म्हणून चाक रुतत नाही.

यात एक फसगत आहे. सोलापुरात 40 अंशांत 8 पीएसआय हवा भरली आणि सायकल उणे 25 अंशांत नेली, तर गेजवर जेमतेम 3 दिसेल. हवा जराही गळलेली नसते. गेज फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. खरा दाब 8 अधिक वातावरणाचा सुमारे 14.7. थंडीने या एकूण दाबाचा पाचवा हिस्सा घटतो आणि तो सगळा त्या 8 मधूनच वजा होतो. म्हणून हवा तपासायची ती सायकल बाहेर थंडीत नीट गार झाल्यावरच.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात जानेवारीअखेर 'अॅरोहेड 135' ही शर्यत होते. अंतर 135 मैल, म्हणजे 217 किलोमीटर. सोलापूर-पुण्याहून थोडं कमी, पण मुदत 60 तासांची! उणे 29 अंशांना पुरेल अशी स्लीपिंग बॅग सोबत बाळगावीच लागते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो बर्फ स्वतः. स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीने, दाबलेली वाट रात्रभर तशीच राहिली की कण एकमेकांना जिथे टेकतात तिथे सांधले जातात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा खडा बनतो, थेट तसं नाही, पण दिसायला तसंच. पहाटे ती वाट कडक असते, दुपारी ऊन लागलं की पुन्हा मऊ. त्यामुळे झोप कधी घ्यायची हासुद्धा शर्यतीचा डाव ठरतो.

आणि घाम. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. आपला सोलापुरी टॉवेल ज्या गुणासाठी घराघरात गेला, सुती धाग्याने पाणी धरून ठेवायचा, तोच गुण तिथे अंगाशी आला तर जिवावर बेततो. म्हणून आतून लोकर घालतात. आपल्या धनगरांची घोंगडी पावसात भिजूनही ऊब देते, ती याच लोकरीमुळे. आणि चढ समोर दिसला की अनुभवी स्वार मुद्दाम वेग कमी करतो, जॅकेटची चेन उघडतो, घाम फुटायच्या आत.